पांच रंगांच्या तळ्यांकांठीं



शाळेंत भूगोल शिकवितांना मीं वर्षानुवर्षें सांगत आलों कीं, जेथें लाव्हारस नाहीं तेथें ज्वालामुखीचा उद्रेक नाहीं. गेल्या शरद् ऋतूंत जपानांतील बांदाई पर्वताच्या उत्तर पायथ्याशीं चार दिवस राहिलों, आणि आपली चूक ध्यानांत आली.

हा पर्वत टोकियोच्या उत्तरेस, फुकुशिमा प्रांतांत आहे. १५ जुलै १८८८ रोजीं सकाळीं पावणेआठच्या सुमारास त्याच्या पोटांत कोंडलेल्या वाफेचा स्फोट झाला. नवा लाव्हारस मुळींच बाहेर आला नाहीं. पण उत्तरेकडील एक शिखर समूळ ढासळलें आणि दगडमातीचा लोंढा खालच्या गांवांवर आला. ४७७ माणसें प्राणांस मुकलीं. त्याच दगडमातीनें नद्या तुंबल्या आणि हिबारा, ओनोगावा, अकिमोतो हीं मोठीं सरोवरें व कित्येक लहान तळीं निर्माण झालीं. जुनें हिबारा गांव पाण्याखालीं गेलें. पाणी फार ओसरलें म्हणजे तेथील देवस्थानाची कमान अजून वर दिसते.

यांतील कांहीं तळ्यांना ‘गोशिकी-नुमा’, म्हणजे पांच रंगांचीं तळीं, म्हणतात. त्यांच्या कांठानें सुमारें चार किलोमीटरांची पायवाट वनांतून जाते. एक तळें निळें, दुसरें हिरवट. तिसऱ्याच्या कांठचें गवत लोहाच्या गंजानें तांबडें झालेलें. पाण्यांत तरंगणाऱ्या खनिजांच्या अतिसूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरतो, त्यामुळें हे निळे-हिरवे रंग दिसतात. तळ्यांचीं नांवें ऐकून मात्र मी थबकलों. ‘बिशामोन’ म्हणजे आपला वैश्रवण कुबेर, आणि ‘बेन्तेन’ म्हणजे सरस्वती! ओनोगावाजवळचा उंच धबधबाही ‘फुदो’ नांवाचा. तो बौद्धांचा अचल देव. बौद्ध धर्माबरोबर हीं दैवतें चीनमार्गें तेथवर पोंचलीं.

वाट संपतां संपतां मी सहज म्हणालों, “निसर्गानें आपली जखम किती लवकर भरून काढली!” आमच्या वृद्ध यजमानांनीं नम्रपणें मान हलविली. “गुरुजी, हें वन लावलेलें आहे,” ते म्हणाले.

उद्रेकानंतर हा प्रदेश ओसाड पडला होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं एन्दो गेन्मु नांवाच्या गृहस्थांनीं येथें वृक्षारोपणाचें काम अंगावर घेतलें आणि तांबड्या पाइनचीं व इतर झाडें हजारोंनीं लावविलीं. त्यांची समाधि त्याच वनांत, उद्रेकांत आलेल्या एका प्रचंड शिळेपाशीं आहे. ज्या सावलींतून मी सुखानें चाललों, ती कोणाच्या तरी श्रमाची होती, आणि मीं तिचें सारें श्रेय निसर्गास देऊन मोकळा झालों होतों.

माझे जुने विद्यार्थी हें भाषण ऐकत असतील, तर त्यांनीं आपल्या वहींतील लाव्हारसाची ती ओळ खोडावी. तिच्या जागीं बांदाईची हकीकत लिहावी. आणि शेवटीं झाडें लावणाऱ्याचें नांव लिहावयास विसरूं नये.