सीलबंद स्पिटफायर

‘सध्या काय करतेस?’ सगळे विचारताय. पोटासाठी सॉफ्टवेअर, जिवासाठी जुनी खेळण्यातली विमानं! फ्रॉग या ब्रिटिश ब्रँडने १९३६ मध्ये सुटे भाग जोडून करायची प्लास्टिकची विमानं आणली, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याची. १९७०च्या दशकात फ्रॉग बंद पडला. साचे सोव्हिएत रशियात गेले, तीच विमानं ‘नोवो’ नावाने आली. जर्मन-जपानी विमानांचे साचे मात्र रशियनांनी नाकारले. ते रेव्हेलकडे गेले. युद्ध संपून तीस वर्षं झाली होती, बरं का!

माझ्याकडे फ्रॉगचं एक सीलबंद स्पिटफायर आहे. खोका उघडला की किंमत पडते. आतली चिन्हांची स्टिकरं पिवळी पडली असणार. खिडकीच्या काचेवर उन्हात ठेवली की उजळतात. लेक विचारते, “आई, जोडायचं कधी?” रविवारी फोडतोय.