पोटमाळ्याची खोली झाली, पण मे महिन्यात तिथं बसायचं कसं?

कडेगावातून बोलतोय. आजचा भाग तुमच्यापैकी बरेच जण आत्ता ज्या खोलीत बसून ऐकताय, त्याच खोलीबद्दल आहे. जिन्यावरून वाकून जावं लागतं ती, वरची.

आजोबांच्या काळात तिथं ज्वारीची पोती, शेंगा, लग्नातली भांडी आणि कुणालाच नको असलेला पाळणा असायचा. मग घरात माणसं वाढली. कुणाला एमपीएससीचा अभ्यास करायचा होता, कुणाचं लग्न ठरलं. फळ्या बदलल्या, फुटकी कौलं काढून पत्रा घातला, भिंतीत एक खिडकी काढली, ट्यूब लावली. झाली खोली. फक्त मार्च ते जून, दुपारी अकरा ते संध्याकाळी सहा, तिथं माणूस बसू शकत नाही. अभ्यासाचे तेच तास, आणि तेवढेच गेले.

आता म्हातारी माणसं म्हणतात, आमच्या माळवदाच्या घरात पंखा लागत नव्हता. खरंय ते. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर फूटभर, कुठं त्याहून जास्त, दाबून बसवलेली माती. ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र व्हायची. पण त्याच मातीचं वजन ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला लोकांच्या अंगावर आलं. दगडमातीच्या भिंती हलल्या, वरचं जड छप्पर खाली बसलं. आपल्याकडं तर १९६७ चा कोयनेचा भूकंप अजून सांगितला जातो. तेव्हा माळवद परत घाला असं मी कुणालाच सांगणार नाही. पत्रा हलका म्हणून सुरक्षित, पण अर्ध्या मिलिमीटरचा तो. त्याच्यात उष्णता अडवायला काही नाहीच.

थोडे आकडे सांगतो, घाबरू नका. छपरातून उष्णता किती सहज आत येते ते मोजायला एक मूल्य आहे, त्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. जितकं कमी तितकं चांगलं. नुसत्या पत्र्याचं हे मूल्य पाचच्या आसपास येतं. सहा इंची स्लॅबचं तीन-सव्वातीन. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली, तिच्यात छपरासाठी मर्यादा आहे १.२. २०१८ ची ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती, म्हणजे आपल्या गल्लीतल्या घरांना ती लागू नव्हती. पण ध्येय म्हणून आकडा चांगला आहे. आणि गंमत ऐका : पत्र्याखाली फक्त एक इंच ग्लासवूल नीट बसवलं, तर तुम्ही त्या १.२ पाशी पोचता. दोन इंच बसवलं तर ०.७ च्या आत. इंग्लंडमध्ये जुन्या पोटमाळ्याचं छप्पर सुधारायला घेतलं तर नियम ०.१६ मागतो, तिथं वूल दहा इंचांपर्यंत जातं. त्यांना थंडी अडवायची असते. ते यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून इथं सहा-आठ इंचांचा खर्च करू नका. आपलं काम दोन इंचांत होतं.

पण आतला थर ही दुसरी पायरी. पहिली पायरी बाहेर, छपराच्या वर. ऊन पत्र्यावर पडूच नये, पडलं तरी परत जावं. स्लॅब असेल तर चुना मारा, दरवर्षी. पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथं ऊन परतवणारा पांढरा रंग घ्या, आधी गंज घासून. आणि आपल्याकडं रोपवाटिकांमुळं शेडनेट काय सगळीकडं मिळतं. पत्र्याच्या फूटभर वर सांगाडा करून ताणलं तर पत्रा तापायचाच कमी होतो. फक्त बांधणी घट्ट पाहिजे. वळवाचं वारं आलं की ढिलं शेडनेट शेजाऱ्याच्या गोठ्यावर जाऊन बसतं, मग नसती भांडणं. उसाचं पाचट टाकणारेही आहेत. गार राहतं, मान्य, पण उन्हाळ्यात वाळलेलं पाचट आणि शेजारी चूल किंवा विजेची तार... नकोच.

आता आतलं. इथं बहुतेक जण फसतात. फॉल्स सीलिंगवाला येतो आणि म्हणतो, भाऊ, सपाट छत करून देतो, एकदम ऑफिससारखं. दिसायला छानच दिसतं. पण सपाट छत म्हणजे मधली उंची फूटभर, दीड फूट खाली. आणि वरच्या खोलीत आधीच उंचीची बोंब असते. (मोहरमच्या उंच ताबुतांसाठी ओळखलं जाणारं आपलं गाव, आणि घरात मात्र तुळईला डोकं आपटतं.)

म्हणून थर वाशांच्या खाली नको, वाशांच्या मध्ये बसवा. वासा तीन-चार इंच खोल असतो. त्यात दोन इंच वूल बसतं, वर कौलाला किंवा पत्र्याला इंचभर हवा मोकळी राहते, ठिबकलं तर वूल भिजत नाही. खालून सिमेंट बोर्ड नाहीतर जिप्सम बोर्ड, अर्धा इंच. म्हणजे उंची गेली जेमतेम अर्धा इंच. सुतार कुरकुर करेल, कारण जुन्या घरात दोन वाशांमधलं अंतर कुठंच सारखं नसतं, प्रत्येक तुकडा मापून कापावा लागतो. करू दे कुरकुर. फट राहिली तर उष्णता नेमकी तिथून येते, आणि उंदीरही.

उंचीवर मी एवढा का अडलोय? कारण नियम तिथंच येतो. कडेगावला नगरपंचायत आहे, आणि डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर सगळ्या राज्याला एकच नियमावली आहे, एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. माणसानं राहायच्या खोलीला उंची लागते २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. उतरतं छप्पर असेल तर राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ सरासरी २.७५ मीटर धरते आणि तुळईखाली किंवा वळचणीकडं २.४ मीटर मोकळं मागते. पोटमाळा मात्र जास्तीत जास्त दीड मीटर, तो सामान ठेवायला. म्हणजे त्याच्यावर माणूस उभा राहू लागला की कागदाच्या भाषेत तो पोटमाळा राहत नाही, मजला होतो. मजला झाला की चटई क्षेत्रात मोजला जातो. त्याला परवानगी लागते.

इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ४३. देखभाल किंवा सुधारणेचं जे काम फक्त इमारतीच्या आत आहे, किंवा ज्यानं बाहेरच्या रूपात विशेष फरक पडत नाही, त्याला परवानगीची गरज नाही. म्हणजे वाशांमध्ये वूल भरणं, बोर्ड मारणं, याला कुणी अडवणार नाही. पण उंची कमी पडतेय म्हणून भिंती चार विटा वर घेतल्या, छप्पर उचललं, तर ते बांधकाम झालं. तिथं वास्तुविशारद किंवा परवानाधारक इंजिनिअरकडून नकाशा आणि अर्ज. ‘सगळेच करतात’ हे उत्तर कलम ५३ ची नोटीस आल्यावर चालत नाही. नोटीस आलीच, तर घाबरून गप्प बसू नका. आहे ते बांधकाम ठेवू द्या म्हणून कलम ४४ खाली अर्ज करता येतो. तो मंजूर व्हायचा असेल तर खोली नियमात बसावी लागते, आणि तिथं फॉल्स सीलिंगनं खाल्लेला तो फूटभर आडवा येतो. वाडीवस्तीवर, ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्यांनी आधी ग्रामपंचायतीत विचारा, तिथली पद्धत वेगळी आहे.

थर्माकोलबद्दल बरेच जण विचारतात, कारण स्वस्त आहे आणि पत्र्याला चिकटवता येतो. उष्णता अडवतो, वादच नाही. पण पेटला की काळा धूर करतो, वितळून ठिबकतो. वरच्या खोलीला जिना एकच, तोही लाकडी. उघडा थर्माकोल डोक्यावर घेऊन झोपायचं हे मला पटत नाही. वापरायचाच असेल तर खालून बोर्डानं पूर्ण झाका. आणि खिडकीला गज असतील तर एका खिडकीचे उघडणारे करून घ्या, माणूस बाहेर पडेल एवढे.

वायरिंगचंही तसंच. जुन्या वायरी वुलाखाली गाडू नका. वायर गरम होते, मोकळ्या हवेत ती उष्णता निघून जाते, वुलात निघत नाही. नवीन वायर घाला, एक माप जाड, पाइपमधून, बोर्डाच्या खालून. इलेक्ट्रिशियनला बोर्ड मारायच्या आधी बोलवा. नंतर बोलावलं तर तो तुमचं नवं छत फोडणार.

हिवाळ्यातली एक गोष्ट राहिली. पहाटे पत्रा बाहेरून गार पडतो, आत दोघं-तिघं झोपलेले, श्वासातली वाफ पत्र्याला लागून पाणी होतं आणि पांघरुणावर टपटपतं. लोकांना वाटतं पत्रा गळतोय, आणि ते वॉटरप्रूफिंगवर पैसे घालवतात. हीच वाफ वुलात शिरली तर वूल ओलं, मग वासे काळे, मग वाळवी. म्हणून चमकदार फॉइल लावलेलं वूल घ्या. फॉइलची बाजू खोलीकडं, जोडांवर टेप. फॉइल आणि बोर्ड यांच्यात थोडी हवा राहिली तर उन्हाळ्यात तीच फॉइल वरून येणारी धगही अडवते. वूल हाताळताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. खाज दोन दिवस जात नाही.

कामाचा क्रम सांगतो. आत्ता टेप घेऊन वर जा आणि तीन ठिकाणी उंची मोजा : आढ्याखाली, मध्ये आणि वळचणीला. मग वाशांची खोली. हे आकडे वहीत लिहा, फोटो काढा, आणि इंजिनिअरकडं ते घेऊनच जा. छपरावरचं सगळं, गळती, गंज, रंग, शेडनेट, मृग लागायच्या आत संपवा. एक पाऊस पडू द्या. कुठं ठिबकतंय ते बघा, बंद करा. वूल त्यानंतर.