नदीकाठच्या मुक्कामाला खाट कशी निवडावी?



पाऊस सरला, भाताची झोडणी उरकली, की शाळांना सहलींचे वेध लागतात. आता आंबिवलीचंच उदाहरण घ्या. एका अंगाला उल्हास, दुसऱ्या अंगाला काळू. गाडीनं दोन स्टेशनं पुढं खडवलीला गेलं, की भातसा. दिवसाच्या सहलीचं फारसं अवघड नाही. पण काठावर रात्रीचा मुक्काम ठरला, की गुरुजींपुढे प्रश्न उभा राहतो: मुलांना निजवायचं कशावर?

“सतरंजी अंथरली की झालं,” असं आपण सहज म्हणून जातो. पण भुईवर निजण्यात एक मोठा धोका आहे. त्याचं नाव मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि झोपेतल्या माणसाला चावतो. चावा बहुधा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. डास चावला असेल, असं समजून माणूस कूस बदलतो. पुढं पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि शेवटी श्वास अडतो. म्हणून नदीकाठी खाट ही चैन नव्हे, गरज आहे.

मग खाट घेताना पहिल्यानं काय पाहावं? मऊपणा नव्हे, उंची! बाजारात वीतभर उंचीच्याही घडीच्या खाटा मिळतात. त्या हलक्या असतात, पण आपल्या कामाच्या नाहीत. भुईपासून निदान एक-दीड फूट उंच हवी.

दुसरं, वजन. आपली सुंभाची बाज निजायला उत्तम, पण ती वाहून न्यायला बैलगाडी नाहीतर टेम्पो लागतो. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची घडीची खाट पिशवीत घालून एकट्याला नेता येते. तिसरं, कापड. जाड किंतान-कॅनव्हास मजबूत खरं, पण ओलं तसंच गुंडाळून ठेवलं तर कुजतं. नायलॉनचं कापड लवकर वाळतं. चौथं, पाय. टोकदार पाय वाळूत रुततात आणि खाट कलंडते. आडव्या नळीवर टेकणारी खाट घ्यावी, नाहीतर प्रत्येक पायाखाली चपटा दगड ठेवावा.

दुकानात संकोच करू नका. खाटेवर निजून पाहा, कूस बदला. शिवण ताणते का, नळी वाकते का, ते बघा. मग स्वतःच्या हातानं दोनदा घडी घाला. बोट चिमटत असेल, तर ती खाट मुलांच्या हाती देऊ नका.

गुरुजी, आणखी एक. मच्छरदाणीशिवाय खाट अर्धीच समजा. मच्छरदाणीची कड अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचावी. ती किंवा पांघरूण भुईवर लोंबलं, तर सापाला आपणच शिडी लावून दिली असं होईल. खरकटं जवळ ठेवू नये; खरकट्याला उंदीर येतात आणि उंदरांमागं साप. खाटेखालून वारा खेळतो, म्हणून थंडीत एक घोंगडी वर घेतली, तर एक खालीही अंथरावी.

इतकं करूनही दंश झाल्याची शंका आली, तर चिरा पाडू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

शेवटचं सांगतो. खाट सापापासून वाचवील, पुरापासून नाही. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हासच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हजाराहून अधिक प्रवाशांसह. पावसाळ्यात काठावर मुक्काम नकोच. इतर वेळीही वरच्या धरणातून पाणी सोडणार आहेत का, ते गावात विचारावं. काठच्या झुडपांना मागच्या पुराचा कचरा अडकलेला दिसतो. खाट मांडायची ती त्या खुणेच्या वर.

तेव्हा, आधी जागा, मग उंची, मग मच्छरदाणी. एवढं सांभाळा आणि मग मुलांना चांदण्या खुशाल मोजू द्या.