गोठ्यातली जीप आणि मोबाइलवरचा लिलाव

मैत्रिणींनो, आम्ही बचत गटाच्या दहाजणी. आज शेळ्या नाहीत, पापड नाहीत. आज बोलायचंय एका जुन्या जीपविषयी.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या गोठ्यात १९६८ ची जीप उभी होती. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या विलिस जीपची जोडणी मुंबईत सुरू केली, त्याच घराण्यातली ही. ताईंच्या मालकांचा तिच्यावर फार जीव. ते असेपर्यंत पर्यावरण कर भरून पासिंग वाढवत राहिले. ते गेले आणि दोन वर्षं जीपवर कोंबड्या बसायला लागल्या. लेकीची नर्सिंगची फी भरायची होती. भंगारवाला म्हणाला, पंचवीस हजार. दीर म्हणाले, देऊन टाका. ताईंनी विषय गटाच्या बैठकीत मांडला.

आम्ही म्हटलं, कांदा आपण पहिल्या भावाला देतो का? मग जीप कशी द्यायची?

आधी किंमत काढायला बसलो. इंटरनेटवर तशाच जीपांच्या किमती वाट्टेल तेवढ्या दिसल्या. पण मागितलेली किंमत ही खरी नव्हे, गिऱ्हाइकाने मोजली ती खरी. म्हणून संपलेल्या लिलावांत कितीला गेल्या ते पाहिलं आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा केला. ताई रंग मारून घेणार होत्या. तालुक्याच्या मिस्त्रींनी अडवलं. म्हणाले, "शौकीन माणूस मूळ वस्तूला पैसे मोजतो. नवा रंग दिसला की त्याला वाटतं, खाली गंज लपवलाय." मग इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिले. दोन्ही जुळले. मूळ इंजिन असलं की भाव वाढतो.

कागद मात्र मालकांच्या नावावर. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओत नमुना ३१ चा अर्ज लागतो. सासूबाईंनी संमतीवर अंगठा दिला आणि म्हणाल्या, "गाडी हिच्याच नावावर करा." गोठ्यातली ती जीप पहिल्यांदा ताईंची झाली.

मोबाइलवरचा लिलाव बाजार समितीसारखाच असतो. फरक एवढाच, की इथे व्यापारी ढिगात हात घालून बघत नाही. म्हणून फोटोच बोलले पाहिजेत. आम्ही चाळीस फोटो काढले. सडलेला पत्रा, फाटलेली सीट, सगळं दाखवलं. इंजिन सुरू होत नाही, हेही लिहिलं. दोष आधी सांगितला की नंतर भांडण होत नाही. लिलावात राखीव किंमत ठरवता येते. बोली तिच्याखाली राहिली तर विकायचं बंधन नसतं. आम्ही दीड लाख ठेवली. दलाली किती आणि कोणाकडून, तेही आधी वाचून घेतलं.

मध्येच एकाचा फोन आला. मी फौजी आहे, गाडी न बघताच घेतो, पैसे पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका. ताईंचं बोट पिनवर गेलंच होतं. शेजारी बसलेल्या बाईने फोन हिसकला. लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा.

लिलाव सात दिवसांचा. चार दिवस बोली साठ हजारांवर अडकली. ताईंना झोप नाही. शेवटच्या संध्याकाळी आम्ही सगळ्या त्यांच्या ओट्यावर बसलो. दोघेजण भिडले. शेवटच्या मिनिटात बोली आली की वेळ थोडा वाढत होता. थांबली दोन लाख दहा हजारांवर. सासूबाई म्हणाल्या, "कोंबड्यांना आता दुसरी जागा बघा."

घेणारे गृहस्थ स्वतः आले, गाडी पाहिली. रक्कम ताईंच्या खात्यावर आल्याचं बँकेत जाऊन पासबुकावर छापून घेतलं, मगच नमुना २९ आणि ३० वर सह्या केल्या आणि किल्ली दिली. सगळ्यांच्या नकला ठेवल्या. आरटीओत नाव बदलेपर्यंत गाडीने काही केलं तर जबाबदारी जुन्या मालकावर येते, म्हणून नाव बदलल्याचा कागद हातात येईस्तोवर पाठपुरावा सोडला नाही.

ते गृहस्थ तिची व्हिंटेज नोंदणी करणार आहेत. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. ती प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, रोजच्या वापराला नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही गोठ्यात, पडवीत जुनी फियाट, जुनी राजदूत उभी असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आरसी बुक शोधा आणि ते कोणाच्या नावावर आहे ते बघा. लेकीची पहिल्या वर्षाची फी भरली गेली, ती त्या कागदामुळे.