जुनी विमाने, तरुण वैमानिक
(कोपरखैरणे येथील भाषणाचा मजकूर)

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. कोपरखैरणेच्या आसपासचे आकाश आता अधिकच गजबजणार. अशा आकाशात लष्करी विमानालाही आपली ओळख व उंची नियंत्रकास अचूक कळवावी लागते. परंतु ‘किरण’ या प्रशिक्षण विमानाचे पहिले उड्डाण १९६४ सालचे! जुन्या विमानात नवी उपकरणे बसविणे अवश्य आहे. मात्र त्यामुळे थकलेला धातू पुन्हा तरुण होत नाही.

प्रश्न यंत्राचा कमी, राज्यकर्त्यांच्या दिरंगाईचा अधिक आहे. प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस ला फोंतेन समितीने १९८२ मध्ये केली. ‘हॉक’चा करार झाला २००४ मध्ये; बिदरला ती विमाने दाखल झाली २००८ मध्ये. या २६ वर्षांत विशीतल्या कित्येक मुलांना अतिवेगवान ‘मिग-२१’वरच पुढील धडे गिरवावे लागले. त्यांतील काही परतलेच नाहीत.

ओझरला ‘एचटीटी-४०’ची उत्पादनशाखा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली, हे स्वागतार्हच. पण ते विमान प्राथमिक शिक्षणापुरते, आणि त्याचे इंजिन अमेरिकी. म्हणून कोणते विमान केव्हा निवृत्त होणार व त्याच्या जागी कोणते येणार, याचा जाब संसदेने दरवर्षी विचारलाच पाहिजे. शौर्याचे गोडवे गाणाऱ्या सत्तेने प्रथम सुरक्षिततेचा हिशेब द्यावा.