माळ्यावरची बोचकी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वाढदिवशी दरवर्षी कोणी काटकसरीवर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले. मी सातवी पास. इतिहास म्हणजे सनावळ्या आणि सनावळ्या म्हणजे हातावर छड्या, एवढीच माझी त्या विषयाशी ओळख. तरी आज मी जुन्या कागदांविषयी बोलणार आहे. त्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि ती मी अजून चारचौघींत सांगितलेली नाही.

आमच्या घरी माळ्यावर तीन बोचकी होती. जाड फडक्यांत घट्ट बांधलेली, आत मोडी कागद. मामंजी दर दसऱ्याला ती खाली उतरवीत, ऊन देत, वर एक फूल ठेवीत आणि पुन्हा माळ्यावर नेऊन ठेवीत. वाचीत मात्र कोणी नसे. मामंजींनासुद्धा मोडी सहीपुरतीच येई. ते गेले त्याच्या पुढच्या दिवाळीत मी साफसफाईला माळ्यावर चढले. कागदांना कसर लागली होती, उंदरांच्या लेंड्या पडल्या होत्या. सासूबाई खालून म्हणाल्या, "अगं राहू देत, त्यांचे होते ते." मी म्हटले, "आई, वाचता कुणाला येते? उगीच घाण." नरकचतुर्दशीच्या पहाटे दीड बोचके बंबात गेले. उरलेले मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबून ठेवले, पुढच्या पाण्याला म्हणून. फडकी दणकट निघाली. त्यांची मी पोतेरी केली.

पुढे माझी लेक मोडीच्या वर्गाला जाऊ लागली. एकदा ओटा पुसताना तिने माझ्या हातातले पोतेरे पाहिले आणि विचारले, "आई, हे फडके कुठले?" मी सांगितले. ती काही बोलली नाही. जेवली नाही मात्र.

तिच्यामुळेच मला दत्तात्रय बळवंत पारसनिसांचे नाव कळले. आपण सातारा जिल्ह्यातल्या बायका, आणि साताऱ्याच्या या माणसाचे नाव आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे? १८७० सालचा जन्म. विशीही उलटली नव्हती तेव्हा ते 'महाराष्ट्र कोकिळ' हे मासिक काढीत. म्हणजे मूळचे पत्रकारच. १८९४ साली त्यांनी झाशीच्या लक्ष्मीबाईंचे चरित्र लिहिले. पुढे 'भारतवर्ष' काढले, १९०८ साली 'इतिहाससंग्रह' हे मासिक सुरू केले. त्यात आपली मते मांडण्यापेक्षा घराघरांतून मिळवलेले जुने कागद ते छापीत. सातारा, महाबळेश्वर यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत लिहिला. मला विशेष गंमत वाटली ती 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' या त्यांच्या पुस्तकाची. अहिल्याबाईंच्या दरबारी काय चालले आहे, कोण आले, कोण गेले, ते तिथून पुण्याला लिहून कळवीत. तेव्हा वर्तमानपत्र नव्हते, पण बातमीदार होतेच की! या बातमीदारांना शंभर वर्षांनी एका मासिकवाल्यानेच छापावे, हे योग्यच झाले म्हणायचे.

त्यांना सापडलेले सर्वांत मोठे धन आपल्या वाईपासून कोसभरावर होते. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. घाटावर जातो, घंटा पाहतो, डबा खातो आणि परत येतो. त्या नानांचे दप्तर पारसनिसांच्या हाती आले. नाना १८०० साली वारले तेव्हा त्यांच्या पत्नी जिऊबाई अगदी पोरवयाच्या होत्या. पुष्कळ हालअपेष्टा काढून पुढे त्या मेणवलीला येऊन राहिल्या. मला आपले वाटते, त्या घरात कुणी माझ्यासारखी सून आली असती आणि पाणी तापवायला बसली असती, तर दिल्लीहून मराठ्यांच्या वकिलांनी नानांना काय कळविले ते आज कोणाला कळले असते? तीच पत्रे पारसनिसांनी 'दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे' या नावाने छापली.

१९२६ सालच्या ३१ मार्चला पारसनीस गेले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला धुळ्याला राजवाडे गेले. कागदांसाठी गावोगाव हिंडलेली दोन माणसे एका वर्षात गेली. पारसनिसांचा संग्रह आधी साताऱ्यातच सरकारी संग्रहालयात होता. १९३९ साली तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेला. आपले कागद आपल्या गावातून गेले याचे मला वाईट वाटले, हे कबूल करते. पण मग माझाच माळा आठवला आणि तोंड मिटले.

आता जे खरे सांगायचे ते हे. मला वाटत होते, कागद जाळले एवढीच माझी चूक. लेकीने समजावले, तेव्हा कळले की फडकी सोडली ही त्याहून मोठी. त्या फडक्याला दप्तराच्या भाषेत रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातही कागद असेच रुमालांत बांधलेले. जुन्या पत्रांवर पुष्कळदा साल नसते. तिथी असते, नाही तर मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीतच, मग घालायचे कशाला? आपणही चिठ्ठीवर नुसता "मंगळवार" घालतो. मग पुढच्याला साल कसे कळावे? तर शेजारच्या कागदावरून. वरच्या पत्रात लग्न, खालच्यात त्याच लग्नाचा खर्च, त्याच्याखाली सावकाराची पावती, तीवर शक घातलेला. एकाने दुसऱ्याला धरून ठेवलेले असते. रुमाल सोडून कागद डब्यात कोंबले, की सगळ्यांचे हात सुटले.

मी हे ऐकले आणि आधी रागावलेच. म्हटले, "तुझ्या आजोबांनी तरी कधी सांगितले का हे?" मग लक्षात आले, सांगता आले नाही म्हणूनच ते बिचारे दरवर्षी फूल ठेवीत होते.

डब्यातून एकशे बेचाळीस कागद निघाले. लेक रोज रात्री दोन-दोन ओळी लावते. मी शेजारी बसते. मोडीत कलम न उचलता लिहितात, त्यामुळे शब्द कुठे संपला हे मला काही कळत नाही. पण आता "श्री" आणि "आशीर्वाद" ओळखू येतात. बहुतेक कागद धान्याच्या हिशेबाचे आहेत, फार काही नाही. एक मात्र निराळा निघाला. घरातल्या एका सुनेचे दागिने गहाण टाकल्याची ती याद आहे. पुतळ्या, वाक्या, एक नथ, आणि नथीपुढे "मोती एक फुटका" असे लिहिले आहे. शेवटी, पेरणीस बियाणे नाही म्हणून ठेवले, माघारी आणून देऊ, असा करार.

सासूबाईंच्या पेटीत एक नथ आहे. तिचा एक मोती फुटका आहे. ही तीच नथ का, असली तर कोणत्या दुष्काळात गेली, कोणी सोडवून आणली, हे लेकीने विचारले. यादीवर नुसते "आषाढ वद्य नवमी" एवढेच आहे.

सासूबाईंनी ती नथ त्या दिवशी लेकीच्या हातात ठेवली. मी नवे मांजरपाट आणून तीन हात फाडले. डब्यातले कागद निघाले त्याच क्रमाने, एकही न हलवता, त्यात बांधून कपाटात ठेवले आहेत.