तळ दिसला पाहिजे

पोहण्याच्या तलावावर येणारा माणूस पाण्याची परीक्षा दोन गोष्टींवरून करतो. एक रंग आणि दुसरा वास. पाणी निळेशार दिसले की तो खूश होतो आणि क्लोरिनचा वास आला की ‘औषध भरपूर घातलेले दिसते’ म्हणून निर्धास्त होतो. एका नगरपालिकेच्या तलावावर पाण्याची देखभाल करण्यात माझी सारी नोकरी गेली. त्या अनुभवावरून सांगतो, या दोन्ही परीक्षा फसव्या आहेत. निळाई बरीचशी तळाच्या फरशीची असते. आणि डोळ्यांना झोंबणारा तो वास निव्वळ क्लोरिनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन्स तयार होतात, त्यांचा तो वास. म्हणजे वास उग्र झाला, की जंतू मारायला मोकळे क्लोरिन पुरेसे उरलेले नाही अशी शंका घ्यावी.

मग पाणी ओळखायचे कसे? आम्ही रोज सकाळी तीन गोष्टी पाहत असू : तळ, सामू आणि क्लोरिन.

पहिला मान तळाचा. काठावर उभे राहिल्यावर सर्वांत खोल भागातली, पाणी ओढून घेणारी जाळी स्वच्छ दिसली पाहिजे. दिसली नाही तर तलाव बंद. हा सौंदर्याचा प्रश्न नाही. जून २०११ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, फॉल रिव्हर या गावच्या सार्वजनिक तलावात एक महिला बुडाली. पाणी इतके गढूळ होते, की तळाशी गेलेली बाई कोणाला दिसली नाही. जीवरक्षक होते, तलाव चालूच राहिला, लोक येऊन पोहून गेले. मृतदेह दोन दिवसांनी वर आला, तेव्हा कळले. जीवरक्षक कितीही तरबेज असला, तरी जे दिसत नाही त्याला तो कसा वाचवणार?

दुसरी गोष्ट सामू, ज्याला पीएच म्हणतात. पाणी आम्लाकडे झुकले आहे की अल्कलीकडे, हे तो सांगतो. तलावाच्या पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ यांच्यामध्ये हवा. आपल्या अश्रूंचा सामूही याच टप्प्यात असतो, म्हणून अशा पाण्यात डोळे चुरचुरत नाहीत. पण खरे कारण वेगळे आहे. सामू ७.५ च्या आसपास असताना पाण्यातले निम्मे मोकळे क्लोरिन जंतू मारण्याच्या जोमदार रूपात असते. सामू ८ झाला की जेमतेम पाव हिस्सा तसा राहतो. औषध तेवढेच, पैसे तेवढेच, काम मात्र निम्मे. उलट सामू ७ च्या खाली गेला, तर डोळ्यांची आग होते आणि पंप, पाइप, फरशांचे सांधे झिजू लागतात.

तिसरी गोष्ट क्लोरिन. मोकळे क्लोरिन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम असावे. आमच्यासारख्या २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद आणि सरासरी १.६ मीटर खोल तलावात ५ लाख लिटर पाणी मावते. त्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरिन वाढवायचे, तर ५०० ग्रॅम क्लोरिन लागते. खेड्यापाड्यांत विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर ताजी असेल, तर तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरिन मिळते. म्हणजे दीड किलो पावडर झाली. हे मापाचे काम आहे, मुठीने टाकायचे नाही. शिवाय उघड्या तलावातले क्लोरिन उन्हात एक-दोन तासांतच निम्म्यावर येऊ शकते. म्हणून मुख्य मात्रा आम्ही रात्री, तलाव रिकामा झाल्यावर देत असू.

एका मे महिन्याची गोष्ट सांगतो. शहरात पाणीकपात होती, म्हणून तलावात बोअरचे जड पाणी भरले जात होते. एके सकाळी पाणी ताकासारखे पांढुरके झाले. जाळी दिसेना. सहाची बॅच फाटकाशी उभी, सुट्टीतली सत्तर-ऐंशी मुले. मी तलाव बंद ठेवला. एक पालक चिडून म्हणाले, ‘‘काका, एवढंसं तर पांढरं आहे. पोरं काय तळाशी जाणार आहेत का?’’ मी म्हटले, ‘‘साहेब, जो तळाशी जातो तो सांगून जात नाही.’’

सगळ्यांचा सल्ला एकच, आणखी पावडर टाका. पण सामू निघाला ८.४. जड पाण्यातला चुना वाढलेल्या सामूमुळे बाहेर पडून पाण्यात तरंगत होता. टीसीएल पावडरमध्येही चुना असतो आणि ती सामू वाढवते. ती टाकली असती तर ताकाचे दूध झाले असते! आम्ही पातळ केलेले ॲसिड थोडे थोडे देऊन सामू साडेसातवर आणला. मग तुरटीचे द्रावण पाण्यात फिरवले आणि रात्रभर पंप बंद ठेवून पाणी निवळू दिले. सकाळी तळाचा गाळ ओढून थेट गटारात सोडला, फिल्टरमध्ये जाऊ दिला नाही. दोन दिवस बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी काठावरून जाळीची छिद्रे मोजता येत होती.

चुकीच्या औषधाने काय होते, हे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. तिथे तलावांत ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले. क्लोरिन आणि पेरॉक्साइड, दोन्ही जंतुनाशकेच. पण एकत्र आली की पेरॉक्साइड क्लोरिनला निकामी करते. काही दिवसांतच सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव शेवाळी हिरवा झाला. शेजारचा तलावही बिघडला. तिथे जलनृत्याची स्पर्धा व्हायची होती आणि खेळाडूंना पाण्याखाली एकमेकींना पाहावे लागते. अखेर सुमारे ३७ लाख लिटर पाणी बदलावे लागले.

सोसायट्यांमध्ये, फार्महाउसवर आता तलाव झाले आहेत. तिथे काम करणाऱ्यांना एक विनवणी : ॲसिड आणि टीसीएल कधीही एका बादलीत, एकापाठोपाठही, घेऊ नका. त्यातून निघणारा क्लोरिन वायू जीव घेतो. आणि औषध नेहमी पाण्यात घालावे, औषधावर पाणी ओतू नये.

पोहणाऱ्यांचाही वाटा आहे. डोक्याला चापून तेल लावून पाण्यात उतरू नका. आधी साबणाने अंघोळ करा. मुलांना मध्येच स्वच्छतागृहात न्या. जुलाब होत असतील, तर बरे वाटल्यावरही दोन आठवडे तलावावर आणू नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरिनच्या पाण्यातही आठवडाभराहून अधिक तग धरतो आणि पाणी मात्र काचेसारखे दिसते.

पालकांनी मुलाची फी भरण्याआधी खोल भागाच्या काठावर उभे राहून तळाची जाळी पाहावी. मग सामू आणि क्लोरिनची नोंदवही मागावी. आजची नोंद त्यात नसेल, तर मुलाला त्या दिवशी पाण्यात उतरवू नये.